सहा लाखांतले लग्न : परळ आणि भांडुपच्या दोन कुटुंबांचा हिशेब

मार्गशीर्षातील एका शुक्रवारी परळ-दादर पट्ट्यातील एका ज्ञातिसंस्थेच्या सभागृहात लागलेल्या लग्नाचे हे प्रकरण आहे. वधू परळची, वर भांडुपचा. दोन्ही घरांनी मिळून खर्चाची मर्यादा ₹६,००,००० ठरवली होती आणि घरातल्या मोठ्यांनी कागदावर मांडलेला पहिला अंदाज ₹११,०७,५०० इतका निघाला होता. हिशेब मांडून देण्याच्या कामी प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता, त्यामुळे आकडे वहीतले आहेत. माणसांची, सभागृहाची आणि व्यावसायिकांची नावे मात्र दिलेली नाहीत. अंदाजातील बाबींवर जी कपात झाली तिच्यापैकी निम्मी केवळ दोन निर्णयांतून आली आणि उरलेली निम्मी आठ बाबींत घासाघीस करून मिळाली, ही या प्रकरणातील लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. कारण घरातली भांडणे जवळजवळ सगळी त्या आठ बाबींवरून झाली.

कुटुंबे आणि मर्यादा

वधूचे वडील एका खासगी औषध कंपनीच्या गोदामातून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम मुदत ठेवीत आहे आणि तिच्या व्याजावर घर चालते. आई सकाळी एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटण्याचे काम करते, धाकटा भाऊ पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वधू अंधेरीतील एका कार्यालयात लेखा विभागात नोकरी करते. गिरण्यांच्या काळातल्या चाळीचा पुनर्विकास होऊन मिळालेल्या घरात हे कुटुंब राहते, त्यामुळे इमारतीतील चौसष्ट बिऱ्हाडे ही केवळ शेजारी नसून चाळीपासूनची ओळखपाळख असलेली माणसे आहेत. वर लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तंत्रज्ञ आहे; त्याचे वडील रिक्षा चालवतात आणि घर भांडुप पश्चिमेच्या टेकडीवरील चाळीत आहे. वधूचे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, वराचे कणकवली तालुक्यात.

मर्यादा सहा लाखच का, याचे उत्तर लग्नात नसून लग्नानंतरच्या घरात होते. वराच्या घरात आधीच पाच माणसे, त्यामुळे दोघांनी कळव्याला भाड्याने घर घेण्याचे ठरवले होते. घरमालकाला द्यायचे डिपॉझिट, एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी, गॅस, भांडीकुंडी यांसाठी दोघांनी ₹१,७५,००० वेगळे काढून ठेवले आणि त्याला कोणीही हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगितले. उरले ते लग्नाचे. वधूकडून तिची बचत ₹१,४०,०००, आईची भिशी ₹६०,००० आणि वडिलांची आवर्त ठेव ₹१,००,०००. वराकडून त्याची बचत ₹२,००,००० आणि वडिलांचे ₹१,००,०००. दोन्हीकडचे तीन-तीन लाख. निवृत्तीची ठेव मोडायची नाही, ही आईची अट होती.

वराच्या काकांनी दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज काढण्याचा मार्ग सुचवला होता. चौदा टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतल्यास त्याचा हप्ता महिन्याला सुमारे ₹६,८०० पडतो आणि तो घरभाड्याच्या जोडीला छत्तीस महिने चालतो, हे वराने स्वतः मांडून दाखवल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही.

नोंदणी विवाहाचाही विचार झाला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, तिला तीस दिवस झाल्यावर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह लावता येतो आणि त्यासाठी येणारा खर्च अगदी किरकोळ असतो. पण अंतरपाट वधूला स्वतःलाच हवा होता. शिवाय नोंदणी करून नंतर स्वागत समारंभ ठेवला तर बचत होत नाही, कारण पैसे जेवणात आणि जागेत जातात, विधींत नाही. या लग्नात गुरुजींची दक्षिणा, होमाचे साहित्य आणि नंतरची सत्यनारायणाची पूजा हे सगळे ₹११,००० मध्ये बसले. गावी लग्न करण्याचा पर्यायही दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना आवडणारा होता. तिथे अंगणातला मांडव स्वस्त पडला असता, परंतु अख्खी वाडी आणि शेजारच्या दोन वाड्या जेवायला येणार आणि मुंबईहून दोन बसगाड्या न्याव्या लागणार, असे दिसल्यावर तोही मागे पडला.

पहिला अंदाज

पहिल्या अंदाजात साडेसहाशे माणसे होती. ताटामागे ₹५५० प्रमाणे जेवणाचे ₹३,५७,५००, रविवारी पूर्ण दिवसासाठी वातानुकूलित सभागृहाचे ₹१,७५,०००, सजावटीचे ₹९०,०००, छायाचित्रण आणि चित्रीकरणाचे ₹१,२०,०००, कपडे व मानपानाचे ₹१,५०,०००, पत्रिकांचे ₹३५,०००, बँडचे ₹३०,०००, मेकअपचे ₹२५,०००, गुरुजी व साहित्याचे ₹१५,००० आणि दोन्हीकडच्या हळदींचे ₹१,१०,००० अशी ती मांडणी होती.

या यादीत काय नव्हते, ते अधिक बोलके आहे. मंगळसूत्र नव्हते, कारण दोन्ही घरांनी ते समोरच्याने धरले असेल असे गृहीत धरले होते. वऱ्हाडाची बस नव्हती, सकाळचा नाश्ता नव्हता आणि अडीनडीसाठी बाजूला ठेवलेली एक दमडीही नव्हती. अकरा लाखांचा तो अंदाज म्हणजे प्रत्यक्षात बाराच्या पुढचा खर्च होता.

तारीख

सभागृहाचे भाडे कशावर ठरते, हे समजून घेण्यात पहिले दोन आठवडे गेले आणि ते सत्कारणी लागले. मुंबईतील विश्वस्त संस्थांची सभागृहे बहुधा अर्ध्या दिवसाच्या हिशेबानेही मिळतात. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंतचे सत्र आणि संध्याकाळचे सत्र वेगळे असते. रविवार आणि दाट मुहूर्ताचे दिवस यांचा दर एक, आडवाराचा दुसरा. शिवाय सांगितलेला दर १८ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून, विजेचे मीटर वेगळे आकारतात का, स्वयंपाकघराच्या वापराचे वेगळे पैसे आहेत का, आणि बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर आणला तर सभागृहाला त्याची रॉयल्टी द्यावी लागते का, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज दोन सभागृहांची तुलना करताच येत नाही. एका ठिकाणचे भाडे ₹४५,००० ऐकून सगळे हरखले होते. वरचे सगळे मिळवल्यावर ते ₹८४,००० झाले. निवडलेल्या सभागृहाने सर्व धरून ₹७०,००० लेखी दिले, परत मिळणारी ठेव वेगळी.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, पौष बहुतेक घरे टाळतात, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरचे आठवडे हेच त्यांच्या हाती होते. कोकणातली भातकापणी तोवर आटोपलेली असते, म्हणजे गावकऱ्यांनाही सवड असते. गुरुजींनी दिलेल्या तारखांत मार्गशीर्षातला एक गुरुवार होता आणि सभागृहही त्या दिवशी मोकळे होते. तो स्वस्तात मिळतोय म्हणून वडील हो म्हणण्याच्या बेतात होते. आईने एका वाक्यात तो निकालात काढला : "गुरुवारी अर्ध्या बायकांचा उपास, ताटांचे पैसे मात्र पुरे." मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत घरोघरी असते, दादरच्या फुलबाजारात बुधवारपासूनच वेणी, गजरा, झेंडू, आंब्याचे डहाळे यांचे भाव चढतात आणि फळेही महागतात. शुक्रवारी पहाटे तोच बाजार उतरलेला असतो. तारीख शुक्रवारची धरली गेली, आणि सजावटकाराने खऱ्या फुलांसह ₹३८,००० चा आकडा कबूल केला त्यात या एका दिवसाच्या फरकाचा वाटा मोठा होता, असे त्यानेच सांगितले.

आडवाराची किंमतही असते, ती लपवण्यात अर्थ नाही. शुक्रवारी सकाळी भांडुपहून परळला लोकलने वऱ्हाड आणणे अशक्य होते. शालू नेसलेल्या बायकांना घेऊन त्या गर्दीत कोणी चढू शकत नाही. म्हणून ₹१६,००० ची एक बस ठरवली आणि पूर्व द्रुतगती मार्गावरची कोंडी टाळण्यासाठी ती सव्वासहाला सोडावी लागली. नोकरी करणाऱ्या काही जवळच्या माणसांना रजा मिळाली नाही आणि ती आली नाहीत. त्यांची वरातीनंतर घरी जाऊन समजूत काढण्याचे काम अजून बाकी आहे.

माणसे

यादी कमी करणे हा या प्रकरणाचा गाभा आहे आणि इथे कोणताही हिशेबनीस फारसा उपयोगी पडत नाही. वधूकडची ३१० आणि वराकडची ३४० नावे होती. ती दोन्हीकडे १३० वर आणायची, असे दोघांनी ठरवून बैठकीत सांगितले. सुपारी फोडण्याच्या त्या बैठकीत वराचे काका म्हणाले, "आमच्याकडे माणसं बोलवायची असतात, मोजायची नसतात." त्यावर वधूच्या वडिलांनी दिलेले उत्तर वहीत नोंदलेले नाही, पण आत्याने मध्ये पडून चहा आणवला एवढे आठवते.

यश आले ते यादीला कात्री लावण्याऐवजी आमंत्रणाचे प्रसंग वाटून देण्यामुळे. वधूच्या इमारतीतील चौसष्ट बिऱ्हाडांना सहकुटुंब लग्नाला बोलवले असते तर दोनशे माणसे तिथेच झाली असती. त्यांना हळदीच्या संध्याकाळी गच्चीवर बोलवले आणि लग्नाला फक्त मजल्यामागे दोन ज्येष्ठांना, जोडप्याने यायची विनंती केली. ज्यांच्या अंगाखांद्यावर वधू वाढली त्या माणसांना हळद लावण्याचा मान मिळाल्यामुळे कोणी नाक मुरडले नाही. उलट सभागृहातल्या रांगेत उभे राहून हस्तांदोलन करण्यापेक्षा हे बरे, असे पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचे म्हणणे पडले. वराच्या चाळीतल्या मंडळींना लग्नानंतरच्या रविवारी सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला बोलवले. वधूवरांच्या कार्यालयातील सहकाऱ्यांना दोघांनी मिठाईचे डबे नेले आणि आमंत्रण प्रत्येकी दहाजणांपुरते ठेवले. गावाकडून कोण येणार ते गावातल्या एकेका घराने आपसांत ठरवावे, घरटी दोघे, असा निरोप गेला. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते म्हणून तो निरोप अडीच महिने आधी पाठवला होता आणि त्याचा फायदा झाला.

ज्यांना काकांनी फोन करून आधीच "यायचं बरं का" असे सांगून टाकले होते अशी सतरा माणसे निघाली. त्यांना काढता येणे शक्य नव्हते. त्यानंतर वधूवरांनी एक नियम घातला, की पैसे असोत वा आमंत्रण, दोघांना विचारल्याशिवाय कोणीही कोणाला शब्द द्यायचा नाही. या नियमाचा राग आला, पण तो पाळला गेला. माझ्या मते कमी पैशांतल्या लग्नात हा नियम सर्वांत आधी, सभागृह शोधायला बाहेर पडण्यापूर्वी, ठरायला हवा. इथे तो दीड महिना उशिरा ठरला.

पत्रिका शंभरच छापल्या, त्याही एका रंगात, आणि बाकीची आमंत्रणे फोनवर चित्ररूपात गेली. देवापुढे ठेवायची पत्रिका, गावच्या मानकऱ्यांच्या पत्रिका आणि विवाह नोंदणीच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडायची पत्रिका, एवढ्यासाठी छापील हवीच होती. खर्च ₹९,०००.

ताटे

केटररची निवड सभागृहाने मान्य केलेल्या तिघांतूनच करायची होती. माणसे कमी झाल्यावर ताटाचा दर थोडा वाढतो. ५५० चा ५६० झाला. किमान अडीचशे ताटांची हमी द्यावी लागली. २६० आमंत्रितांसाठी २८० ताटे धरली, म्हणजे ₹१,५६,८००, आणि सकाळी लवकर येणाऱ्या नव्वद जणांच्या उपमा, शिरा, चहा यांसाठी ₹७,२००.

पदार्थ ठरवताना मसालेभात, साधे वरण-भात, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, पापड, मठ्ठा आणि गोडात एकटी जिलबी अशी यादी निघाली. काकांना पनीर हवे होते. ताटामागे चाळीस रुपये वाढले असते, म्हणून ते नाकारले. पण मला विचाराल तर मसालेभात आणि मठ्ठा उत्तम असलेल्या जेवणात पनीरची उणीव भासणारा पाहुणा अजून मला भेटायचा आहे. सर्वांसाठी बुफे होता, कारण चारच्या आत सभागृह रिकामे करायचे तर तीन पंगती उठवणे शक्य नव्हते. फक्त विहिणीची पंगत चाळीस पानांची बसवली. पाटाभोवती रांगोळी वधूच्या मावशीने आदल्या दिवशीच्या उरलेल्या झेंडूच्या पाकळ्यांनी घातली आणि आग्रहाच्या जिलब्या व्याह्यांनी स्वतः वाढल्या. चाळीस जणांचे मन राखले गेले की उरलेले दोनशे बुफेला नावे ठेवत नाहीत.

ताटांची मोजणी कशी झाली, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. पहिला पाहुणा जेवायला येण्याआधी वधूचा भाऊ आणि केटररचा सुपरवायझर या दोघांनी मिळून स्वच्छ थाळ्यांच्या पन्नास-पन्नासच्या सहा चवडी टेबलामागे रचल्या आणि वहीवर दोघांनी सही केली. जास्तीची चवड उघडायची वेळ आली तर भावाला बोलवायचे, असे ठरले. लहान मुलांना देण्यासाठी वेगळ्या रंगाच्या छोट्या थाळ्या होत्या, त्या मोजायच्या नव्हत्या. तीन वाजता टेबलावरच्या पन्नास थाळ्या संपत आल्या तेव्हा सातवी चवड उघडली आणि तिच्यातली एकच थाळी गेली. एकूण ३०१. नेहमी या टप्प्यावर "साहेब, सव्वातीनशे झाली" आणि "छे, एवढी माणसं कुठे होती" अशी जी हुज्जत चालते ती इथे झालीच नाही.

जास्त झालेल्या एकवीस ताटांपैकी सोळा पाहुण्यांची नव्हती. छायाचित्रकार व मदतनीस तिघे, सजावटीचे चौघे, सभागृहाचे कर्मचारी तिघे, गुरुजी दोघे, बसचा चालक आणि क्लीनर, मेकअप करणारी आणि तिची मदतनीस. ही माणसे जेवणार हे उघड असूनही त्यांचा आकडा कोणी धरला नव्हता.

कपडे, मानपान आणि सोने

मानाच्या साड्यांची पहिली यादी चौतीसची होती. दोन्ही विहिणींनी समोरासमोर बसून ती अकरावर आणली, आणि हे काम पुरुषांनी केले असते तर जमले नसते असे मानायला जागा आहे. सासू, आजेसासू, आत्या, मामी, करवल्या यांना साडी. बाकीच्यांना काहीच नाही, अर्धवट ब्लाउजपीसही नाही, कारण अर्धवट मान हा न दिलेल्या मानापेक्षा अधिक खुपतो. साड्या हिंदमात्याच्या घाऊक दुकानातून एकाच वेळी घेतल्या. वधूची पिवळी अष्टपुत्री मामाने आणली, ती परंपरेने त्याचीच असते. शालू, वराचा पोशाख, दोन्ही आईवडिलांचे कपडे धरून ही बाब ₹१,०५,००० वर थांबली. छायाचित्रणात विवाहपूर्व चित्रीकरण, ड्रोन आणि मोठा अल्बम वगळला, ₹५५,०००. मेकअप ₹१४,०००. बँड रद्द केला आणि सभागृहाच्या ध्वनियंत्रणेवर सनई लावली.

सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाखाच्या वर गेलेला असताना नवे मंगळसूत्र सहा लाखांत बसणार नव्हते. वराच्या आईने आपल्या दोन बांगड्या पुढे केल्या. हॉलमार्क सक्तीचा नव्हता त्या काळातल्या त्या बांगड्या घरात "दोन तोळे, बावीस कॅरेट" म्हणून ओळखल्या जात. यंत्रावर तपासल्यावर शुद्धता ८८ टक्के निघाली, म्हणजे बावीस कॅरेटच्या ९१.६ पेक्षा कमी. हे वितळवण्याआधी, आपल्या डोळ्यांसमोर तपासून घेतल्यामुळे वाद झाला नाही. मंगळसूत्राचे वजन करताना काळे मणी सोन्याच्या वजनात धरले जाऊ नयेत, वाट्या आणि सोन्याचे मणी यांचे वजन बिलावर वेगळे यावे आणि दागिन्यावरील सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तिथेच पडताळून पाहावा, या गोष्टी वधूने आग्रहाने करून घेतल्या. एका पेढीने दाखवलेल्या अंदाजपत्रकात मण्यांसकट वजन लिहिलेले होते. तिथून ते उठून आले. मजुरी, ३ टक्के जीएसटी, चांदीची जोडवी आणि पैंजण मिळून रोख ₹४६,००० गेले.

हळद

वर सांगितलेली सगळी शिस्त हळदीपाशी येऊन थोडी ढिली पडली. लग्न शुक्रवारी म्हणजे हळद गुरुवारी, तीही मार्गशीर्षातली. त्यामुळे मटणाचा प्रश्नच उद्भवला नाही आणि एरवी भांडुपच्या हळदीत जो मोठा खर्च झाला असता तो आपोआप टळला. वधूकडची हळद गच्चीवर ₹१५,००० मध्ये करायची होती. पोळी-भाजी केंद्रातल्या आईच्या मैत्रिणींनी पुरी-भाजी आणि शिरा केला आणि ती ₹१४,५०० मध्ये झाली.

वराकडे हळद आणि पूजेचा तीर्थप्रसाद मिळून ₹२७,००० ठरले होते. व्रताची पूजा आणि नैवेद्य आटोपून बायका आठनंतर आल्या, ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, आणि या दोन तासांसाठी वराच्या मित्रांनी परस्पर साउंड सिस्टीम व रोषणाई सांगितली होती. त्याचे ₹११,००० आणि जास्तीच्या जेवणाचे ₹५,००० असे मिळून आकडा ₹४३,००० वर गेला. शब्द देण्याचा नियम घरातल्या मोठ्यांना सांगितला होता, मित्रांना कोणी सांगितला नव्हता.

प्रत्यक्ष हिशेब

अंदाजपत्रकात ₹३०,००० अडीअडचणीसाठी ठेवले होते. त्यातून जास्तीच्या ताटांचे ₹११,७६०, दोन्ही हळदींत मिळून वाढलेले ₹१५,५०० आणि भिंतीला चिकटपट्टी लावल्याबद्दल सभागृहाने ठेवीतून कापलेले ₹१,५०० गेले; शिल्लक ₹१,२४० राहिली.

पहिल्या अंदाजातील बाबींवर एकूण ₹६,०६,७०० कमी झाले. त्यापैकी जेवणाचे ₹२,००,७०० आणि सभागृहाचे ₹१,०५,०००, म्हणजे ₹३,०५,७००, हे माणसे आणि वार या दोन निर्णयांतून आले. सजावट, छायाचित्रण, कपडे, पत्रिका, बँड, मेकअप, गुरुजी आणि हळद या आठ बाबींतून मिळून ₹३,०१,००० आले. मेकअपमध्ये वाचलेल्या ₹११,००० साठी वधू आणि तिची चुलत बहीण आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. तेवढे पैसे वीस ताटे कमी केल्याने वाचतात, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

आहेराची पाकिटे हिशेबात मुद्दाम धरली नव्हती. पाकिटांच्या भरवशावर केटररला शब्द देणारी घरे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पैसे मोजत बसतात आणि कमी पडले की नाती मोजू लागतात. पाकिटे वधूवरांनी उघडली आणि ती रक्कम घराच्या पैशांत मिळवली.

वराकडच्या हळदीत वाढलेले पैसे आपण देतो, असे वराचे वडील म्हणाले होते. वधूच्या वडिलांनी ते नाकारले. राखीव रक्कम दोघांची होती, खर्चही दोघांचाच धरावा, असे त्यांचे मत होते. वधूने मात्र वहीत ती बाब वराच्या नावे वेगळी दाखवली आहे आणि वराने त्याखाली सही केली आहे. विवाह नोंदणीचा अर्ज महापालिकेच्या एफ-दक्षिण विभाग कार्यालयात गुरुजींची सही, पत्रिका, छायाचित्र आणि तीन साक्षीदारांसह दिला आहे. साक्षीदारांपैकी एक वराचे काका आहेत.